पडद्यावरचा कचरा आणि मैदानावरचे बाळू

(कळंब येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी सिनेमावर बोलणार आहे. विहारात सिनेमा कशाला, असे कोणी म्हणेल. पण बापहो, जे लोक आपल्या वस्तीत कधी आलेच नाहीत, ते आपल्याला सिनेमातूनच ओळखतात.

१९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ ला, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. हेतू चांगला, नूतनचे काम तर फारच सुंदर. पण सुजाताला घरात लेक म्हणून जागा केव्हा मिळते? सवर्ण आईला स्वतःचे रक्त दिल्यावर! इकडे माणसे आपल्या पायांनी दीक्षाभूमीवर चालत गेली होती, तिकडे पडद्यावरची पोर दुसऱ्याच्या दयेची वाट पाहत होती.

'लगान' (२००१) तर सर्वांनीच पाहिला असेल. त्यात अस्पृश्य माणसाचे नाव काय, तर कचरा. तो फारसा बोलत नाही, त्याच्या वतीने भाषण करतो तो भुवन. चेंडू वळतो, तोही हात अधू म्हणून! आता खरा माणूस ऐका. पालवणकर बाळू, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते तयार झाले. फिरकी आली ती मेहनतीतून. हिंदूंच्या संघात घेतले, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हेही सांगितले पाहिजे. खरा माणूस असाच असतो, सोयीचा नसतो. कचरा सोयीचा आहे.

नागराज मंजुळे आले आणि चित्र पालटले. 'फॅन्ड्री'तला (२०१३) जब्या दया मागत नाही, दगड मारतो. 'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरची झोपडपट्टी आहे, तिथे वाजतगाजत जयंती होते. वर्षानुवर्षे सिनेमातल्या दलिताच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नसायचा. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे आहे का?

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. गॅदरिंगमध्ये 'आदिवासी नृत्य' म्हणून आपलीच पोरे तोंडाला काळे फासून, कमरेला पाला बांधून 'झिंगालाला' करतात आणि आपण टाळ्या वाजवतो. आपल्या जिल्ह्यातल्या पोडावरचा कोलाम असा राहतो काय? त्याला स्वतःची कोलामी भाषा आहे, तो शेतात राबतो, त्याची मुले तुमच्याच मुलांच्या वर्गात बसतात. त्या मुलांना समोर बसून हे पाहताना काय वाटत असेल?

पुढच्या वर्षी कार्यक्रम बसवाल तेव्हा पोडावरच्या मुलांना बोलवा. काय करायचे, कोणते कपडे घालायचे, ते त्यांनाच ठरवू द्या. 'आम्हाला नाचायचे नाही, भाषण करायचे आहे,' असे म्हणाले, तर माईक त्यांच्या हाती द्या.