साच्याला चिकटलेला कण



प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील आणि एकेकाळी अपर गोदावरी जिल्ह्याची कचेरी मिरवलेल्या या सिरोंच्यातल्या शाळेत आलेल्या पाहुण्याने नदीवर अथवा इतिहासावर बोलावे, अशी अपेक्षा असेल. परंतु ज्याची उमेदीची वर्षे पत्रा दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये खर्ची पडली, त्याने साच्यांच्या झिजेवरच बोलावे, हे श्रोत्यांवर त्यातल्या त्यात कमी जुलमाचे.

आपल्या जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरात सापडते तसले लोहखनिज पोलाद होऊन, लाटले जाऊन, पत्र्याच्या रूपाने कारखान्यात येते, तेव्हा त्याला खोलगट आकार देण्यासाठी खाली डाय, वर पंच आणि सुरकुत्या पडू नयेत म्हणून कडा दाबून धरणारे कडे, असा साच्याचा सरंजाम सज्ज असतो. पंच उतरतो, पत्रा डायच्या गोलाईवरून घसरत आत ओढला जातो आणि तेलाचा पातळ थर जेथे फाटतो, तेथे पत्र्याचा एक सूक्ष्म कण डायला चिकटून बसतो. झीज म्हणजे घटणे, ही आपली समजूत. येथे मात्र तिचा प्रारंभ वाढण्याने होतो. तो कण दाबाखाली अधिकच कठीण बनतो, त्यावर दुसरा बसतो, आणि मग येणाऱ्या प्रत्येक नगावर ओढीच्या दिशेने ओरखडा उमटतो. वेळीच ऑईलस्टोन फिरवून तो उतरवला नाही, तर सुटताना डायचाही टवका घेऊन जातो.

तुमच्या स्टेनलेसच्या पेल्याचा पत्रा या बाबतीत अव्वल दर्जाचा खोडकर. सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असलेल्या कठीण पोलादाची डायही त्याच्यापुढे पुष्कळदा हात टेकते, आणि तेथे पोलादाहून मऊ असे अल्युमिनियम ब्राँझ कामास येते. कारण स्टेनलेस त्याला सहजासहजी चिकटत नाही. केवळ काठिण्यावर भिस्त ठेवणाऱ्या नवशिक्या इंजिनिअरांना हे पटवताना फोरमनची दमछाक होते, ती गोष्ट वेगळी!

साचे घडवण्याची ही विद्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, सुमंत मूळगावकरांनी कारखान्याच्या पायाशीच घातली. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ साली उभा राहिला, तेव्हा यंत्रे आणि साचे घडवण्याच्या विभागांवर प्रथम भर देण्यात आला. तेथून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधल्या वर्षांना खर्चाच्या खात्यात टाकणारे हिशेबनीस तेव्हाही असतील.

ही विद्या शिकायची असेल, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. चौकशी जरूर करा. त्या टेबलावर मी एक झिजलेला पंच आणि त्याने कापलेली चकती ठेवली आहे. चकतीच्या कडेवरून हळूच नख फिरवा, अडकेल. ती कडेवरची खरखरीत बर, म्हणजे पंचाची धार गेल्याचा दाखला. मात्र शाळेच्या नाटकात काम करणाऱ्यांनी तोंडाला रंग लावण्यापूर्वीच पाहून घ्यावे. तेलाचे हात पोशाखाला लागले तर तुमच्या बाई मला जबाबदार धरतील.