औषध नव्हे, विष म्हणा
(तेल्हारा येथील बैठकीतील भाषण)



आपण म्हणतो, "आज पऱ्हाटीवर औषध मारलं." औषध म्हणजे लेकराला ताप आल्यावर देतो ते. ज्याने अळी मरते त्यालाही आपण तेच नाव दिले. मग भीती कशाची? हाताने ढवळतो, त्याच हाताने तंबाखू मळतो.

बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. पुढे गुलाबी बोंडअळी तिला दाद देईना. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसवर माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी उंच वाढलेली, फवारा थेट तोंडावर. मेलेल्यांत शेतकरी होते, तसे रोजाने फवारणारे मजूरही होते. डबा मालक आणतो, पंप मजुराच्या पाठीवर असतो. डब्यातला कागद मजुरापर्यंत पोचतच नाही.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. माहितीपत्रक आपल्या भाषेतही असले पाहिजे, असे नियम सांगतो. पण अक्षर असे बारीक, की चष्मा लावूनही लागत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. इथेही घोटाळा आहे. आपल्याकडे हिरवे म्हणजे चांगले. डब्यावरचा हिरवा म्हणजे विष कमी, पण विषच.

तेव्हा एवढे करा. कृषी केंद्रात पक्की पावती घ्या, मराठी पत्रक मागा. फवारणीआधी शाळेत जाणाऱ्या पोराकडून ते मजुरासमोर मोठ्याने वाचून घ्या. हातमोजे, तोंडाला बांधायचे साधन मालकाने द्यावे; आपल्या मालाला भाव नाही हे खरे, पण त्याची वसुली मजुराच्या जिवातून करायची नाही. वाऱ्याच्या तोंडी फवारू नका. मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधुक असे काही झाले, की पंप उतरवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. डबा, निदान कागद तरी सोबत न्या. उतारा विषाप्रमाणे बदलतो. डॉक्टरला नाव कळले पाहिजे.

आणि कंपन्यांना, सरकारला आपली मागणी एकच: डब्यावर ठळक मराठीत 'विष' छापा. तोवर आपल्या गावात आपण तरी त्याला त्याच्या नावाने हाक मारू.