आई लेकीकडे राहायला येते तेव्हा

लेक चार दिवस माहेरपणाला येते, ही आपली जुनी रीत. आता अनेक घरांत आईच लेकीकडे कायमची राहायला येते. औषधांच्या वेळा लेक ठरवते, डॉक्टरांशी तीच बोलते. आईला मात्र मनातून अवघडल्यासारखं होतं: ‘जावयाच्या घरी किती दिवस राहायचं?’

कायदा हा संकोच मानत नाही. आईवडिलांना स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर विवाहित मुलीवरही त्यांची जबाबदारी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही. जबाबदारीबरोबर हक्कही येतो. हिंदू वारसा कायद्यानुसार आईने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिच्या मालमत्तेत मुलगे, मुली आणि पती यांचा समान वाटा असतो.

पण नातं केवळ कलमांवर चालत नाही. आईचं बँक खातं तिच्याच हाती राहू द्या. उपचारांचा निर्णय तिला विचारून घ्या. भावंडांनी खर्च आणि सेवा आधीच वाटून घ्यावी. आयांनो, तुम्हीही काय हवं, काय नको, ते लेकीला मोकळेपणाने सांगा. तुम्ही तिच्या घरी पाहुण्या नाही. तुमचा तिथे हक्क आहे आणि तिला तुमची गरजही आहे.