मूल ही निर्यातीची वस्तू नव्हे

परदेशी दत्तकाला माझा सरसकट विरोध नाही. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रम घालून दिला : प्रथम जन्मदाते, मग देशातील कुटुंब, तेथे घर न लाभल्यास परदेश. १९९३ च्या हेग कराराचा गाभाही हाच आहे.

दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून सुमारे २ लाख मुले परदेशी गेली. आईबाप हयात असताना कित्येकांची नोंद अनाथ म्हणून झाली, हे तेथील सत्यशोधन आयोगाने २०२५ साली मान्य केले. अर्थशास्त्राचा हा साधा नियम आहे : संस्थेचे उत्पन्न मुलांच्या संख्येवर अवलंबून राहिले, की अनाथ ‘निर्माण’ होऊ लागतात.

म्हणून आईला प्रथम विचारा : मूल नकोसे आहे, की पोसण्याची ऐपत नाही? ऐपत नसेल, तर मुलाच्या पारपत्राआधी तिच्या हाताला काम मिळाले पाहिजे.