फणीनखी भुंगेऱ्याची ओळख

दिल्लीच्या सरोजिनी नगरात उन्हाळ्याच्या रात्री एखादा तपकिरी, लांबट भुंगेरा दिव्याखाली येऊन पडला, तर त्याचे नाव कसे ठरवावे? कीटकशास्त्रज्ञ प्रथम त्याच्या पायांकडे पाहतो.

नखरांच्या आतील कडेला फणीसारखी दातांची ओळ दिसली, तर तो अलेक्युलिनी गटातील असण्याचा संभव असतो. परंतु जमिनीवर धावणाऱ्या काही शिकारी भुंगेऱ्यांच्या नखरांनाही असे दात असतात. म्हणून पावलांचे खंड मोजावे लागतात. शिकारी भुंगेऱ्यांच्या प्रत्येक पावलाला पाच खंड असतात. अलेक्युलिनींच्या पुढील व मधल्या पावलांना पाच, तर मागील पावलांना चारच असतात. पिठात होणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्याच्या पावलांची गणनाही हीच आहे. तो टेनेब्रिऑनिडी कुलातील आहे.

फणीच्या वैशिष्ट्यामुळे या भुंगेऱ्यांचे पूर्वी स्वतंत्र कुल मानले जात असे. जे. सी. वॉट यांनी १९७४ मध्ये टेनेब्रिऑनिडीची फेरमांडणी केली, तेव्हा त्यांना त्या कुलातील एका उपकुलाचे स्थान दिले. एक ठळक लक्षण कितीही लक्षवेधी असले, तरी नाते संपूर्ण रचनेवरूनच ठरते, हा त्यातील बोध होय.

जाती निश्चित करणे याहून कठीण असते. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या जाती बहुधा नराच्या जननेंद्रियांवरून वेगळ्या कराव्या लागतात आणि नमुना संग्रहातील प्रमाणित नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. असा एक मोठा संग्रह दिल्लीतील पुसा संस्थेत आहे. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे स्थापन झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीत आली. टाचणीला लावलेल्या चिठ्ठीवर स्थळ व दिनांक नसेल, तर नमुन्याचे मोल फारच उणावते.

या चिठ्ठीचे महत्त्व सरोजिनी नगराला विशेष आहे. २०१८ मध्ये तेथील व इतर काही सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी वृक्षतोड सुरू झाली. नागरिकांनी विरोध केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीस स्थगिती दिली. त्या वादात वृक्षांची गणना झाली. पण अलेक्युलिनींच्या कित्येक अळ्या कुजलेल्या लाकडात, सालीखाली व पालापाचोळ्यात वाढतात. नव्या रोपाला तसे जीर्ण लाकूड येण्यास अनेक दशके लागतात. ज्या जीवाची नोंदच झाली नाही, तो नाहीसा झाल्याचेही कोणाला कळत नाही.