प्रमाणित कार्यपद्धती आणि माणूस



भिलाईच्या पोलाद-वसाहतीतील विभागांना क्रमांक आहेत. सेक्टर ६ हा त्यांपैकी एक. येथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे शेजारी झाली. कोणाची मायबोली छत्तीसगढी, कोणाची तेलुगू, बंगाली वा मराठी. कारखान्यात मात्र एकाने आपली पाळी दुसऱ्याच्या हाती सोपवावयाची असते. झोतभट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. म्हणून गेलेल्या पाळीने काय केले, हे येणाऱ्या पाळीला नेमके कळले पाहिजे. कार्यपद्धतीच्या प्रमाणीकरणाची गरज येथूनच उत्पन्न होते.

या प्रमाणीकरणावर प्रभाव पाडणारा पहिला घटक म्हणजे यंत्र. भिलाईसंबंधीचा भारत-सोव्हिएत करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. यंत्रांबरोबर ती चालविण्याची शिस्तही आली.

दुसरा घटक ग्राहक. भिलाईचे रूळ भारतीय रेल्वे घेते. पोलादात हायड्रोजन अधिक राहिला, तर रुळाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे तडे पडू शकतात. म्हणून वितळलेल्या पोलादातून तो निर्वात प्रक्रियेने काढावा लागतो आणि रुळांची श्राव्यातीत ध्वनीने तपासणी करावी लागते. येथे 'अंदाजाने' या शब्दाला स्थान नाही. त्या रुळावरून जाणाऱ्या प्रवाशाचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

तिसरा घटक भाषा. रशियन तज्ज्ञांचे ज्ञान दुभाष्यांच्या आणि अनुवादकांच्या द्वारे भारतीय कामगारांपर्यंत पोहोचले. एकाच झडपेला दोन पाळ्यांत दोन नावे असतील, तर उत्तम नियमही निरुपयोगी ठरतो. प्रक्रियेच्या आधी शब्द प्रमाणित व्हावा लागतो.

चौथा, आणि सर्वांत दुर्लक्षित, घटक म्हणजे काम करणाऱ्याची संमती. गुणवत्ता-व्यवस्थेची आयएसओ ९००० ही आंतरराष्ट्रीय मानके १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. त्यानंतर जगभर नियमपुस्तिकांचे ढीग वाढले. परंतु पुस्तिका कपाटात आणि काम सवयीने, असे द्वैत जेथे राहते तेथे प्रमाणीकरण केवळ कागदावर असते. नियमामागील कारण कामगाराला ठाऊक हवे. नियम चुकत असेल, तर तसे सांगण्याची वाटही त्याला मोकळी हवी.

प्रमाण म्हणजे अनुभवाचे तात्पुरते एकमत. त्यात अनुभवाची भर पडणे थांबले, की त्याचे कर्मकांड होते.