संगणकाच्या सहवासातील तीन तपे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्या आयुष्यातील संगणकांविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा. १९८९ पासून आजवर नऊ संगणक घरी आले आणि त्यांपैकी आठ भंगारात गेले. त्यांच्या गुणवर्णनात मी आपला वेळ घेणार नाही. त्यांच्यात जे साठवले, ते पुढच्या यंत्रापर्यंत कसे पोहोचले, एवढेच सांगतो.

पहिला संगणक आमच्या आडत दुकानात आला. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली आणि पादत्राणे बाहेर काढूनच आत जाण्याचा दंडक घातला. (हा मान पुढच्या एकाही यंत्राला लाभला नाही!) दुकानाची कीर्द-खतावणी ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्यांवर राही. आज खिशातल्या १२८ गिगाबाइटच्या फोनमध्ये तशा सुमारे साडेतीन लाख फ्लॉप्यांचा ऐवज मावेल. आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात बिनबोभाट गेले. अडले ते मराठीपाशी.

१९९६ साली वडील आपल्या आठवणी सांगत आणि मी त्या थेट संगणकावर उतरवून घेत असे. हस्तलिखित असे काही नव्हतेच. चौऱ्याहत्तर पाने झाली. १९९९ मध्ये वडील गेले. फाइल मात्र मी प्रत्येक नव्या यंत्रावर जपून नेली. पुढे एकदा ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळातील बहुतेक मराठी फॉन्ट संगणकाला मराठी शिकवीत नसत. संगणक आत रोमन अक्षरांचेच क्रमांक साठवी आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. आमचा फॉन्ट तर संगणकाच्या पाठीमागे एक कुलूपवजा खुंटी लावल्याशिवाय चालत नसे आणि नव्या संगणकाला ती खुंटी बसवायची जागाच नव्हती. विक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्यावी, असे उत्तर मिळाले. ज्याच्या बापाचे शब्द, त्यानेच ते पुन्हा विकत घ्यायचे, हा न्याय मला आजही पटत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले होते. तेथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि फॉन्ट बदलला तरी तो ‘क’च राहतो. विंडोज २००० पासून ही सोय घरगुती संगणकांपर्यंत हळूहळू पोहोचली. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरकही निघाले. त्यांचे काम वाटते तितके सोपे नसते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते.

आम्ही वापरलेल्या रूपांतरकाला वेलांटी साधली, पण ‘दऱ्या’मधला आडवा र उमगला नाही. त्याने सगळीकडे रफार दिला. ‘व्यापाऱ्यांनी’चे ‘व्यापार्यांनी’ झाले, ते एक वेळ चालले असते. पण आत्याच्या लग्नाच्या वर्णनात वडिलांनी सांगितले होते, ‘आचाऱ्यांना मजुरी दिली.’ तेथे पडद्यावर उमटले, ‘आचार्यांना मजुरी दिली’! आपल्या समाजात याहून मोठा अनर्थ तो कोणता? बरे, सरसकट बदल करावा, तर खऱ्या आचार्यांच्या चातुर्मासाचे वर्णन असलेल्या पानावर ते स्वयंपाकघरात जाऊन बसतील. येथे यंत्र थांबते आणि अर्थ जाणणाऱ्या माणसाला ओळ न् ओळ वाचावी लागते.

ते काम माझी नात करीत आहे. त्या वेळी काढलेल्या छापील प्रतीची अठ्ठावन्न पाने शाबूत होती. ती समोर ठेवून तिने तेवढा भाग शुद्ध केला. उरलेली सोळा पाने वाळवीने खाल्ली. त्यांसाठी ती माझ्या थोरल्या भगिनींजवळ बसते. त्यांचे वय आज अठ्ठ्याऐंशी आहे आणि वडिलांची बोलण्याची ढब त्यांना मुखोद्गत आहे. नात वाचते, त्या ऐकतात आणि एखाद्या शब्दाशी थांबवून म्हणतात, “दादा असं म्हणायचे नाहीत.” शुद्ध झालेले प्रत्येक पान आम्ही दोन ठिकाणी साठवतो, शिवाय कागदावर छापून एक प्रत दुसऱ्या गावी धाकट्या बंधूंकडे पाठवतो.

सोळांपैकी नऊ पाने झाली आहेत. सात बाकी आहेत.